क्यूनेचं मायोसिन आणि लीबिगचं क्रिएटिन: दुकानातल्या मटणावर कॉलेजात जमेल का?

तृतीयवर्ष_प्राणिशास्त्र (सोलापूर)

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून एक प्रकल्प ठरतोय: स्नायू कशाचा बनलेला असतो हे एकोणिसाव्या शतकात कसं उलगडत गेलं. भिंतीवर तक्ते चिकटवण्यापेक्षा दोन-तीन जुने प्रयोग मुलांच्या हातून व्हावेत असं वाटतं. बेडकाचा प्रश्नच येत नाही, विच्छेदन बंद आहे. म्हणजे खाटकाकडचं शेळीचं मांस नाहीतर कोंबडी.

विचारायचं ते असं. जर्मन शास्त्रज्ञ क्यूनेने मिठाच्या पाण्यात मायोसिन (स्नायूतलं मुख्य प्रथिन) काढलं आणि ते साध्या पाण्यात ओतल्यावर साका बसला, हे मटणावर दिसेल का? जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या पद्धतीने क्रिएटिनचे (स्नायूत असणारा नायट्रोजनयुक्त पदार्थ) स्फटिक मिळवायला किती मांस लागेल? आणि लॅक्टिक आम्ल मुलांना पटेल असं कसं दाखवायचं?

साधनं: साधं सेंट्रिफ्यूज (थंड करणारं नाही), वॉटर बाथ, घरगुती फ्रीज, पीएच मीटर. प्रात्यक्षिकं मार्चमध्ये, दुपारच्या तासाला.

---

होटगीरोड_जीवरसायन

आधी शेवटच्या ओळीबद्दल. मार्चची दुपार सोडा. स्नायूच्या प्रथिनांवरची जुनी कामं वाचली की एक गोष्ट सगळीकडे दिसते: ज्याने मांस थंड ठेवलं आणि हात चालवला त्याला एक उत्तर मिळालं, ज्याने वेळ घालवला त्याला दुसरं. आपल्याकडे मार्चमध्ये खोलीचं तापमान पस्तिशीच्या वर असतं. त्यात खिमा अर्धा तास उघडा राहिला तर तुम्ही वेगळाच प्रयोग करत असता. जमत असेल तर गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, सकाळी आठचा तास घ्या. नाहीच जमलं तर कारखान्यातून बर्फाची अर्धी लादी आणून ठेवा.

आता क्यूने. १८५९ पासून तो यावर लिहीत होता, आणि १८६४ च्या लाइपझिगच्या पुस्तकात सगळं एकत्र आलं. बेडकाच्या रक्तवाहिन्यांतून मिठाचं सौम्य पाणी सोडून त्याने आधी रक्त धुऊन काढलं, मग स्नायू गोठवले, गोठलेल्या अवस्थेतच कुटले आणि थंडीतच कापडातून पिळले. जो दाटसर, किंचित पिवळट रस निघाला तो अल्कधर्मी होता आणि ऊब मिळताच आपोआप गोठला. त्या गाठीतल्या पदार्थाला त्याने मायोसिन म्हटलं. गोठवण्याचं कारण नीट समजून घ्या: बेडकाचा स्नायू गोठवून हळू वितळवला तर तो पुन्हा आकुंचन पावू शकतो, म्हणून आपण जिवंत स्नायूतला रस काढतोय असं त्याला म्हणता आलं.

मटणावर हा आपोआप गोठणारा रस काढायच्या भानगडीत पडू नका. दुसरा भाग, म्हणजे मिठाच्या पाण्यातला अर्क आणि पाण्यात साका, तो हमखास होतो. असा करा:

खाटकाकडे पहाटे जा आणि नुकत्याच कापलेल्या बोकडाच्या मांडीचा, चरबी न लागलेला तुकडा मागा. पाव किलो पुरे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फात पुरा. मांस बर्फाच्या पाण्यात थेट बुडवू नका, विरघळणारी प्रथिनं वाहून जातात. प्रयोगशाळेत पांढरे पापुद्रे आणि शिरा काढा, ५० ग्रॅम बारीक खिमा करा. सुरी, पाटा, चंचुपात्र, सगळं आधी फ्रीजमध्ये ठेवलेलं असावं. खिमा १५० मिली थंड ऊर्ध्वपातित पाण्यात दोन मिनिटं ढवळून कापडातून पिळून टाका. यात रक्त आणि बरीचशी पाण्यात विरघळणारी प्रथिनं जातात, आणि पुढे साका पांढरा दिसतो. मग पिळलेल्या खिम्यावर १५० मिली थंड पोटॅशियम क्लोराइड, ०.६ मोलर (लिटरला ४४.७ ग्रॅम). त्यात सोडियम बायकार्बोनेट चिमूटभर, पीएच ६.५ ते ७ मध्ये आणायला. बर्फावर १५ ते २० मिनिटं हलक्या हाताने ढवळा. मिक्सर लावू नका, फेस होतो आणि फेसात प्रथिन मरतं. दुहेरी मलमलीतून गाळा, सेंट्रिफ्यूज असेल तर दहा मिनिटं फिरवा.

हा गढूळसर, बोटांना किंचित चिकट लागणारा द्रव १० मिली घेऊन १५० मिली बर्फगार ऊर्ध्वपातित पाण्यात बारीक धारेने सोडा. धार पाण्यात शिरते तिथेच रेशमी धुकं दिसतं, अर्ध्या तासात ते खाली बसतं. वरचं पाणी ओतून द्या आणि साक्यावर थोडं ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड घाला, पुन्हा विरघळतं. जुन्यांच्या लेखी मायोसिन ओळखायची खूण हीच.

बिघडतं कुठे? कापून चार-पाच तास झालेलं मांस आणलं तर पीएच बराच उतरलेला असतो. त्यात मांस गरमही असेल तर मायोसिन जागेवरच बिघडतं आणि मिठाच्या पाण्यात येतच नाही. अर्क पातळ, पाण्यासारखा निघाला तर दोष मिठाचा नाही, मांसाचा. नळाचं पाणी साक्यासाठी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी साका कधी येतो, कधी अर्धवट राहतो.

---

जुनीपानं

वरच्या कृतीत एक भर. मुलांना क्यूनेचंच मीठ वापरायचं असेल, म्हणजे १० टक्के साधं मीठ, तर पातळ किती करायचं याचा हिशोब आधी त्यांच्याकडून कागदावर करून घ्या. दहा टक्के म्हणजे सुमारे १.७ मोलर. दहापट पातळ केलं तरी ०.१७ मोलर उरतं, आणि तेवढ्या मिठात बराचसा मायोसिन विरघळलेलाच राहतो. पाण्याने साका येतच नाही अशी जी तक्रार ऐकू येते तिचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. ०.०४ मोलरपर्यंत खाली आलं पाहिजे. ५० ग्रॅम न धुतलेल्या खिम्यावर १०० मिली मीठपाणी घातलंत तर मांसातलं पाणीही मोजा: मांस तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणजे आणखी ३७ मिली, आणि मीठ सात टक्क्यांच्या जरा वर येतं. १० मिली अर्काला ३०० मिली पाणी लागेल.

आणखी एक. मुलांच्या वहीत 'शुद्ध मायोसिन' असं लिहू देऊ नका. क्यूनेच्या हाती आलं ते मिश्रण होतं. १९३९ मध्ये एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा यांनी दाखवलं की हेच प्रथिन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) फोडतं. मग १९४२ च्या सुमारास सेगेडमध्ये सेंट-ग्यॉर्गींच्या प्रयोगशाळेत स्ट्राउबने ॲक्टिन, म्हणजे आकुंचनात मायोसिनच्या जोडीने काम करणारं दुसरं प्रथिन, वेगळं काढलं. त्यांच्या कामातला एक भाग तुम्हालाही जमेल: त्याच खिम्याचा एक वाटा वीस मिनिटं भिजवायचा आणि दुसरा फ्रीजमध्ये रात्रभर. रात्रभराचा अर्क कितीतरी दाट होतो, पिपेटमधून तार धरत उतरतो, कारण त्यात ॲक्टिनही आलेलं असतं. एटीपीचं ताजं द्रावण थोडंसं घातलं की दाटपणा एकदम उतरतो. पिपेट रिकामी व्हायला लागणारे सेकंद मोजले की झालं, दुसरं उपकरण लागत नाही.

---

भीमाकाठ

इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॅलिबर्टनचा १८८७ चा प्रयोग सुचवतो. वॉटर बाथ आणि थर्मामीटर एवढ्यावर होतो आणि वादविवादाला उत्तम. त्याने सस्तन प्राण्यांच्या स्नायूचा अर्क हळूहळू तापवला आणि कुठल्या अंशाला काय गोठतं ते टिपलं: ४७ ला एक प्रथिन, ५६ ला दुसरं, ६३ ला तिसरं, ७३ ला अल्ब्युमिन. प्रत्येकाला नाव दिलं.

परीक्षानळीत १० मिली गाळलेला अर्क, नळीत थर्मामीटर. बाथ ४५ वर आणा, पाच मिनिटं थांबा, मग एकेक अंश वाढवत चला. गढूळ झालं की गाळा आणि गाळलेलंच पुढे तापवा. ४७ च्या जवळ आणि ५६ च्या जवळ दोन पायऱ्या बऱ्यापैकी दिसतात.

मग त्याच अर्काच्या दुसऱ्या नळीत एक थेंब सौम्य ॲसिटिक आम्ल घालून पुन्हा करा. पायऱ्या सरकतात. तिसरी नळी भराभर तापवा, तरी सरकतात. म्हणजे गोठण्याच्या अंशावरून प्रथिनं मोजणं किती डळमळीत आहे हे आपोआप कळतं, आणि ती नावं पुढे का टिकली नाहीत तेही.

---

तृतीयवर्ष_प्राणिशास्त्र

सर्वांचे आभार. जानेवारीचं विभागात बोलतो. क्रिएटिनचं कोणी सांगेल का? लीबिगने बराइटा वापरला होता असं वाचलं. कॉलेजात ते चालवावं का? आणि कोंबडी घ्यावी की मटण?

---

होटगीरोड_जीवरसायन

कोंबडी, आणि तिच्या छातीचं मांस. दोन कारणं. चिकनच्या दुकानात समोरच कापून देतात, त्यामुळे ताजेपणाचा प्रश्न मिटतो. आणि पांढऱ्या स्नायूत क्रिएटिन जास्त. लीबिगलासुद्धा बैल आणि घोड्यापेक्षा कोंबडीतून जास्त मिळालं होतं. ताज्या स्नायूत ते किलोला ४ ते ५ ग्रॅम असतं असं धरून चला.

थोडी पार्श्वभूमी मुलांना सांगाच. १८०६ मध्ये तेनारने मांसाच्या अर्कातल्या चव आणि वास देणाऱ्या तपकिरी भागाला ऑस्माझोम नाव दिलं, आणि तो एकच पदार्थ आहे असं लोक बरीच वर्षं समजत होते. शेवरलने १८३२ मध्ये अर्कातून क्रिएटिनचे स्फटिक काढले. पण ते इतरांना सहजासहजी मिळेनात, त्यामुळे हा सगळ्याच मांसात असतो की नाही यावर शंका राहिली. १८४७ मध्ये लीबिगने शंका मिटवली, कारण त्याने घाऊक प्रमाणात मांस घेतलं आणि आम्ल आधी काढून टाकलं.

कृती: ५०० ग्रॅम खिमा, ५०० मिली थंड पाणी, हाताने दहा मिनिटं मळा, कापडातून जोर लावून पिळा. चोथ्यावर पुन्हा ३०० मिली पाणी. दोन्ही रस एकत्र करून वॉटर बाथवर ८५-९० अंशांपर्यंत न्या. लालसर रस आधी करडा पडतो, मग प्रथिनांचे गठ्ठे सुटून खाली पिवळट स्वच्छ पाणी राहतं. गाळा. गठ्ठे नीट सुटले नाहीत आणि पाणी दुधी राहिलं तर पुढे जाऊ नका, आणखी पाच मिनिटं तापवा. प्रथिन राहिलं तर आटवताना सगळ्याचा चिकट गोंद होतो आणि स्फटिक बसत नाहीत.

इथे बराइटा, म्हणजे बेरियम हायड्रॉक्साइडचं संपृक्त पाणी. थोडं थोडं घालायचं, फॉस्फेटचा पांढरा साका यायचा थांबेपर्यंत. मग गाळायचं. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, म्हणून हा टप्पा शिक्षकाने हातमोजे घालून स्वतः करावा, तोंडाने पिपेट ओढणं तर अजिबात नाही. टाळावा का? मी टाळणार नाही. त्याचं काम फक्त फॉस्फेट काढणं नाही, मांसातलं लॅक्टिक आम्ल मारणंही आहे. आम्लात क्रिएटिन तापवलं की पाणी सोडून क्रिएटिनिन होतं. रस आम्लधर्मी ठेवून आटवलात तर क्रिएटिन शोधताना क्रिएटिनिनच हाती येईल. बराइटा जास्त झाला तर नळीने कार्बन डायऑक्साइड सोडा, बेरियम कार्बोनेट होऊन बसतो.

आता आटवणं. पसरट ताटली, वॉटर बाथ, ६० अंशांच्या वर नको. वर साय धरते ती काढत राहा. आठशे मिलीचे चाळीसेक मिली झाले की थांबा, झाकून फ्रीजमध्ये दोन रात्री. तळाला आखूड, चमकणाऱ्या सुया बसतात. गाळून थोड्या थंड पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा. हवं तर गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक करा.

उतारा किती? अर्धा किलोत सव्वादोन ग्रॅम असतं, पण क्रिएटिन थंड पाण्यातही साधारण ७५ भागांत एक भाग विरघळतं, म्हणजे चाळीस मिलीत अर्धा ग्रॅम अडकूनच राहतो. चोथ्यात गेलेलं वेगळंच. एक ग्रॅम हाती आला तर उत्तम. शंभर ग्रॅम मांस घेऊन केलंत तर बहुधा काहीच दिसणार नाही, ते याच कारणाने.

ओळख पटवायला याफेची चाचणी (१८८६): १ मिली द्रावण, १ मिली संपृक्त पिक्रिक आम्ल, १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब. क्रिएटिनिन असेल तर पिवळ्याचा नारिंगी-लाल होतो. क्रिएटिन स्वतः रंग देत नाही. म्हणून स्फटिकांचे दोन वाटे करा, एक तसाच आणि एक १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळत्या पाण्यात तीन तास ठेवून, मग आम्ल मारून. पहिला पिवळा, दुसरा लाल आला की क्रिएटिन सिद्ध. पहिलाही लाल आला तर आटवताना आम्ल होतं. कच्च्या अर्कावर ही चाचणी करू नका, ग्लुकोज आणि प्रथिनंही रंग देतात. आणि पिक्रिक आम्लाची बाटली नेहमी ओलसर, झाकणाच्या खोबणीत कोरडी पूड साचलेली असेल तर हात लावू नका, ते कोरडं स्फोटक आहे.

---

जुनीपानं

लीबिगच्या कोल्ह्यांचं मुलांना जरूर सांगा. शिकारीत धावून धावून मारलेल्या कोल्ह्याच्या मांसात पिंजऱ्यात पोसलेल्या कोल्ह्याच्या दहापट क्रिएटिन मिळालं, यावरून त्याने कामाने क्रिएटिन वाढतं असा निष्कर्ष काढला. मुलांना विचारा: दोन कोल्ह्यांत फक्त धावण्याचाच फरक होता का? खाणं, वय, चरबी, मारल्यावर किती वेळाने मांस उकललं?

लीबिगचं मोठं म्हणणं असं होतं की स्नायू काम करताना स्वतःचं प्रथिन जाळतो. ते पाडलं ते फिक आणि विस्लिसेनुस यांनी, १८६५ मध्ये फाउलहॉर्न डोंगर चढून. चढ १९५६ मीटर. आदल्या दिवसापासून प्रथिन खाणं बंद, आणि लघवीतला नायट्रोजन मोजलेला (प्रथिन जळलं की त्यातला नायट्रोजन लघवीतून जातो). वजनं ६६ आणि ७६ किलो, म्हणजे नुसतं अंग वर उचलण्याचं काम १,२९,०९६ आणि १,४८,६५६ किलोग्रॅम-मीटर. नायट्रोजनवरून प्रत्येकी जेमतेम ३७ ग्रॅम प्रथिन जळलेलं. पुढच्या वर्षी फ्रँकलंडने प्रथिनाची उष्णता प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ३७ ग्रॅममधून सगळं मिळून ६८-६९ हजार किलोग्रॅम-मीटर निघतं असं दिसलं. एक कणही वाया न घालवता निम्मंच. उरलेलं काम दुसऱ्या इंधनावर. हा हिशोब फळ्यावर दहा मिनिटांत होतो आणि प्रयोगशाळा लागत नाही.

---

भीमाकाठ

लॅक्टिक आम्लासाठी आम्ल दाखवण्यापेक्षा ते कधी तयार होतं हे दाखवा. बर्झेलियसला ते १८०७ च्या सुमारास स्नायूत सापडलं, द्यू ब्वा-रेमोंने १८५९ मध्ये दाखवलं की विश्रांतीतला स्नायू आम्लधर्मी नसतो, थकलेला असतो. तरी पुढची पन्नासेक वर्षं आकडे जुळत नव्हते. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी कारण सांगितलं: स्नायू कापणं, कुटणं, गरम होणं यानेच लॅक्टिक आम्ल तयार होतं. त्यांनी स्नायू बर्फगार अल्कोहोलमध्ये टाकून थंडच कुटले, तेव्हा विश्रांतीतल्या स्नायूत ते नाममात्र निघालं. प्राणवायूत ठेवलेल्या थकलेल्या स्नायूतून ते कमीही होतं, हेही त्यांचंच.

तुमच्यासाठी: समोर कापलेल्या कोंबडीच्या छातीचे तीन तुकडे. एक लगेच, एक दोन तास बर्फात, एक दोन तास खोलीत. प्रत्येकी १० ग्रॅम, १०० मिली पोटॅशियम क्लोराइडच्या ०.१५ मोलर द्रावणात कुटून पीएच मोजा. द्रावणात आयोडोॲसिटेट ५ मिलिमोलर घातलंत (पीएच ७ ला आणून) तर कुटताना ग्लायकोजनपासून (स्नायूतल्या साठवलेल्या साखरेपासून) लॅक्टिक आम्ल होण्याची क्रिया थांबते. ते विषारी आहे, पण त्याशिवाय पहिल्या तुकड्याचं वाचन हातातच उतरतं. सातच्या आसपास सुरुवात आणि सहाच्या खाली शेवट दिसला पाहिजे. मेल्यानंतर पूर्ण ताठरलेल्या मांसात लॅक्टिक आम्ल शेकडा एकच्या आसपास पोचतं.

उफेलमानची चाचणी (फेनॉल आणि फेरिक क्लोराइडचा जांभळा रंग पिवळा होणं) कच्च्या अर्कावर फसवी आहे. फॉस्फेटनेही रंग जातो. करायचीच तर अर्कात थोडं आम्ल घालून ईथरने झटकून घ्या, ईथर उडवा आणि उरलेल्यावर करा.

जमलं तर सुब्बारावांचं नाव प्रकल्पात घ्या. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमध्ये फिस्कबरोबर १९२५ मध्ये मॉलिब्डेटच्या निळ्या रंगाने फॉस्फेट मोजायची पद्धत बसवली, आपल्या प्रयोगशाळांत ती अजून चालते. मांजराच्या स्नायूच्या गाळलेल्या अर्कात निळा रंग लगेच न येता हळूहळू चढत राहिला. अभिकर्मक खराब आहे म्हणून सोडून देण्यासारखी बाब. त्यांनी पिच्छा पुरवला आणि १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं, चाचणीच्या आम्लातच फुटत जाणारं. शेवरलचं क्रिएटिन स्नायूत कशासाठी असतं याचं उत्तर पंचाण्णव वर्षांनी मिळालं.

---

तृतीयवर्ष_प्राणिशास्त्र

मटणावर मायोसिन, कोंबडीवर क्रिएटिन आणि पीएच, असे तीन गट करतो. उरलेल्या बेरियमचं काय करायचं? मोरीत ओतायचं नाही एवढं माहीत आहे.

---

होटगीरोड_जीवरसायन

बेरियम लागलेलं सगळं धुण्याचं पाणी एकाच बादलीत जमवा. त्यात सोडियम सल्फेटचं द्रावण घाला, नवा पांढरा साका यायचा थांबेपर्यंत. बेरियम सल्फेट विरघळत नाही. रात्रभर बसू द्या, वरच्या स्वच्छ पाण्यात दोन थेंब सल्फेट टाकून पुन्हा तपासा, गढूळ झालं तर आणखी घाला. तळाचा गाळ गाळणकागदासकट डब्यात भरून नाव लिहून रासायनिक कचऱ्यात द्या. आणि त्या दिवशी उरलेलं चिकन कोणी घरी नेणार नाही हे आधीच सांगून ठेवा.